जिलबीचा श्रावण

घरमालकांशी माझं पहिलं भांडण झालं ते ‘पाच-सहा’ या शब्दावरून.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते वरच्या मजल्यावर तपासणीला येत. भाडेकरूची खोली तपासायची असते, हा नियम त्यांचा त्यांनीच केलेला. हात पाठीमागे बांधून आत यायचं, प्रत्येक नळ उघडून बंद करायचा, प्रत्येक बटणावर पेनाच्या मागच्या टोकानं दोनदा टकटक करायचं, खिडकीची कडी लावून काढून बघायची, आणि सगळं नीट असेल तर "पास" म्हणायचं. तेही माझ्याकडे बघून नाही, भिंतीकडे बघून. मी खोलीत आहे, याची त्यांना तेवढा वेळ आठवणच नसायची.

त्या रविवारी कोपऱ्यातल्या टेबलावर एक काचेची पेटी नवीन आलेली होती. पेटीत लाकडाचा भुसा, पाण्याची वाटी, आणि भुशातून डोकं वर काढून बघणारं पेन्सिलीएवढं नारिंगी पिल्लू. कॉर्न स्नेक. वेटोळं करून बसलं की थेट ताटातली जिलबी, म्हणून नावही जिलबीच ठेवलेलं. मी भाषण पाठ करून ठेवलं होतं: हा साप बिनविषारी आहे, परदेशी जातीचा आहे, आपल्याकडचे नाग-धामण पाळायला बंदी असते तशी याला नाही, रीतसर नोंदणी केली आहे, पेटीला कुलूप आहे. घर सोडायची वेळ आलीच तर दुसरीकडे कुठं बघायचं, हेही मनाशी धरून ठेवलं होतं. घरमालक काकांनी भाषण ऐकलंच नाही. पेटीभोवती एक चक्कर मारली, कुलपावर टकटक केलं आणि विचारलं, "खातं काय?"

"उंदराची पिल्लं. पुण्याहून गोठवलेली येतात. कोमट पाण्यात ठेवून द्यायची."

"किती दिवसांनी?"

"पाच-सहा दिवसांनी एक."

"पाच की सहा?"

"तसं काही नसतं काका. अजून लहान आहे, पाच-सहा दिवसांनी भूक लागते. मोठं झालं की आठ-दहा दिवसांनी."

"मॅडम," पेन खिशाला लावत ते म्हणाले, "मी सगळी नोकरी ओझरला विमानं तपासण्यात घालवली. चाकाला पाच-सहा नट लावा, असं आम्ही कधी लिहिलं नाही. पाच लिहायचे, नाहीतर सहा. तुम्ही काय ते ठरवा, मग मी पास करतो."

घरात साप आहे, याबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. लोक किंचाळले असते, पोलीस बोलावले असते, निदान देवाला हात तरी जोडले असते. यांना खुपत होतं ते एकच, की त्याच्या जेवणाचा दिवस ठरलेला नाही.

‘ठरलेलं आहे’ हे त्यांचं आवडतं वाक्य. इंदिरानगरचा तो छोटा बंगला या एका वाक्यावर चालायचा. पाण्याची मोटर कधी लावायची, ठरलेलं आहे. पायपुसणं उन्हात कधी टाकायचं, ठरलेलं आहे. स्कूटर सुरू करण्याआधी तिच्याभोवती फिरून चारी बाजूंनी वाकून बघायचं; पाऊस कोसळत असला तरी छत्री धरून फिरायचं. तपासून पास झालेल्या वस्तूवर ते पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देत. गॅसच्या नळीवर ठिपका, शिडीवर ठिपका, कुकरच्या झाकणावर ठिपका, फाटकाशेजारच्या शेवग्याच्या झाडावरसुद्धा ठिपका. शेवगा कशात पास झाला होता, देव जाणे.

मलाही मोजमापाचं वावडं नाही. मी तेव्हा पिंपळगाव बसवंतला, परदेशी जाणारी फळं निवडून भरतात अशा एका पॅकहाउसमध्ये क्वालिटी बघायचे. द्राक्षाचा मणी किती मिलिमीटर, गोडी किती, हे मोजण्यातच माझा दिवस जायचा. पण मणी मरत-बिरत नाही. जिवंत पिल्लाची भूक वेगळी असते. त्याच्याकडे बघायचं, पोट चपटं दिसतंय का, पेटीत फिरून शोधाशोध करतंय का, कात टाकायला आलंय का, आणि मग ठरवायचं. लहानपणी थोडं आणि लवकर लवकर, मोठेपणी जास्त पण अंतरानं. एवढी साधी गोष्ट. ही साधी गोष्ट मी काकांना मराठीत, हिंदीत आणि हातवारे करून सांगितली. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे वार कोणता?"

आता कुणी म्हणेल, तुझा साप, तुझे उंदीर, त्यांना विचारायचं कशाला? तर फ्रिजसाठी. वरच्या मजल्याच्या वायरिंगवर फ्रिज चालवायचा नाही, हे अर्थातच ठरलेलं होतं. त्याऐवजी जिन्याच्या वळणावर काकूंचा जुना फ्रिज भाडेकरूंसाठी ठेवलेला होता. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. मी राहायला गेले त्याच्या काही वर्षं आधीच त्या गेल्या होत्या; मी त्यांना पाहिलं ते खालच्या खोलीतल्या फोटोतच. फ्रिज इतका जुना, की त्याच्या दाराला कुलूप होतं, आणि किल्ली काकांच्या कमरेला. सकाळी ते फ्रिज उघडत, मी दूध-भाजी काढून घेई, की पुन्हा कुलूप. संध्याकाळी परत तेच. कुलूप कशाला, असं मी एकदा विचारून बघितलं. "दार उघडं राहिलं तर गारवा जातो," म्हणाले. कुलपाशिवाय दार बंद राहत नाही का, हे विचारायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, माझे उंदीर होते. ते तिथं असण्याला काकांची हरकत नव्हती. हरकत होती ती वाराला. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय एकादश्या आणि संकष्टी. या दिवशी घरात अंडं-मटण शिजत नाही, आणि म्हणून कप्प्यातून उंदीरही बाहेर निघणार नाही. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. तेही एखादी तिथी आडवी आली नाही तर.

"काका, मी वार पाळत नाही," मी म्हटलं.

"हरकत नाही."

"साप तर मुळीच पाळत नाही."

"त्याचीही हरकत नाही. घर पाळतं."

मी दात-ओठ खाल्ले आणि रविवार कबूल केला. आठवड्यातून एकदा म्हणजे जिलबीच्या वयाला जरा ताणल्यासारखं होतं, पण चालून जाण्यासारखं होतं. काकांनी खाली जाऊन रंगाची बाटली आणली आणि पेटीच्या कोपऱ्यावर ठिपका दिला. पहिला रविवार छान पार पडला. दुसऱ्या रविवारी नेमकी एकादशी निघाली.

"आज नाही," काका जिन्यातूनच म्हणाले.

"मग उद्या?"

"उद्या सोमवार."

"परवा?"

"मंगळवार."

बुधवारी मिळालं. मग पुन्हा रविवारी, म्हणजे मधे चारच दिवस, कारण ‘रविवार ठरलेला आहे’. पाच-सहा म्हटल्यावर ज्या माणसाला झोप येत नव्हती, त्यानं कधी दहा, कधी चार असा कारभार चालवला होता, आणि वर मलाच शिस्त शिकवत होता. सटाण्याला आईला फोनवर सांगितलं, तर तिचं एकच, "तुना घरमालक येडा शे का?" आहे, म्हटलं. पण नळाला चोवीस तास पाणी, रात्री-अपरात्री पॅकहाउसची गाडी दारापर्यंत यायची सोय, आणि सापासकट ठेवून घेणारा दुसरा माणूस सगळ्या नाशकात मिळाला नसता. तो एकच होता, आणि तो असा होता.

त्यांची थोरली बहीण देवळाली कॅम्पात राहायची. सगळे तिला आक्का म्हणत, आणि ती धाकट्या भावाला लाडानं दादा म्हणे. महिन्या-दोन महिन्यांनी बसनं यायची, भावाला चार शब्द सुनवायची आणि संध्याकाळच्या बसनं परत जायची. काका जगात एकट्या तिलाच वचकून असत. एकदा अशीच आली असताना फ्रिज नेमका उघडा होता. आक्काला आइस्क्रीम फार प्रिय. डबा दिसला, तिनं काढला, झाकण उघडलं. मी वरून धावत येईपर्यंत ती डबा हातात धरून जिन्यात बसलेली होती.

"दादा, हे काय हाय रे? मटार म्हणावं तर याला शेपटी हाय!"

"ते वरच्या मॅडमच्या सापाचं जेवण आहे," काका शांतपणे म्हणाले. "आज शुक्रवार, चालतं."

आक्का किंचाळली नाही. झाकण लावून डबा जागेवर ठेवला, हात साबणानं दोनदा धुतले आणि मला खोलीत नेऊन बसवलं. म्हणाली, "त्याचे ते वार मनावर घेऊ नको गं. त्याचे न्हाईतच ते. त्याला कुठले आले वार? ओझरच्या कँटीनला पुढ्यात येईल ते खायचा, सोमवार बघायचा न्हाई का गुरुवार. वार सगळे वहिनीचे. ती गेली आणि यानं गळ्यात घालून घेतले."

मग तिनं जे सांगितलं ते मी विसरून जायचा पुष्कळ प्रयत्न केला, कारण त्यानंतर काकांवर मनासारखं चिडणं अवघड झालं. काकूंचं शेवटचं आजारपण लांबलं होतं. अंगात रक्त नव्हतं. डॉक्टरांनी रोज अंडी खायला सांगितली होती, आणि कुठल्याही गोळीआधी पोटभर जेवायला. काकू वाराच्या दिवशी अंडं तर सोडाच, धड जेवतही नसत. एक वेळ साबुदाणा, नाहीतर वरईचे दोन घास. आठवड्यातले चार दिवस असे जायचे.

"आणि काका?" मी विचारलं.

"दादा काय! तिचं ठरलेलं हाय म्हणायचा. एक शब्द बोलला न्हाई."

हे ऐकून आठवडाभर मी काकांशी फार गोड वागले. आठव्या दिवशी संकष्टी आली, कप्पा उघडला नाही, आणि माझा गोडवा संपला.

खरी गोष्ट घडली ती आषाढाच्या शेवटाला. माझ्या धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते, म्हणून मी चार-पाच दिवसांसाठी सटाण्याला निघाले. जायच्या आदल्या दिवशी जिलबीला खाऊ घातलं. पोटात छान फुगवटा दिसत होता. पेटीची किल्ली काकांकडे दिली ती फक्त पाण्याची वाटी भरण्यापुरती, आणि त्यांना समोर उभं करून सांगितलं, "काका, तिला काही द्यायचं नाही. मी येईपर्यंत काहीही नाही. तुम्ही काही न करणं, एवढंच काम आहे." त्यांनी मान हलवली. आयुष्यात काही न करण्याचं काम या माणसाला कधी जमलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण बहिणीचे फोनवर फोन येत होते.

परत आले तर खोलीचं दार उघडताच वास आला. सापानं खाल्लेलं उलटून टाकलं की जो वास येतो, तो ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि माहीत नाही त्यानं सुखात राहावं. पेटीत अर्धवट विरघळलेले गोळे पडले होते. एक नाही, दोन नाही, तीन. कोपऱ्यात जिलबी निपचित पडलेली, कातडी सैल, पाठीचा कणा वर आलेला.

"काका!"

ते पायऱ्या चढून आले. आत बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्ही तिला दिलंत?"

"गटारीला दिलं. परवा गटारी होती."

"तीन?"

"मॅडम, दुसऱ्या दिवसापासून श्रावण. महिनाभर बंद राहणार ना? म्हटलं भरपेट खाऊन घेऊ दे. आपण नाही का आखाडात खाऊन घेत? ते खात होतं हो. एक दिलं, खाल्लं. दुसरं दिलं, खाल्लं. म्हटलं मागतंय."

मी किती वेळ ओरडत होते मला आठवत नाही. शेजारच्यांनी खिडकीतून डोकावून बघितलं, एवढं आठवतं. पोट आधीच भरलेलं असताना तीन पिल्लं! गटारी सापाची असते का? आणि श्रावणात महिनाभर उपाशी ठेवणार, हे परस्पर कुणी ठरवलं? लहान पिल्लू आहे ते, महिनाभर उपाशी राहिलं तर उरणार काय? काका पेटीकडे बघत उभे होते. मला सगळ्यात जास्त राग आला तो त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही याचा.

पुण्याच्या ज्या माणसाकडून मी जिलबी आणली होती, त्याला फोन लावला. तो म्हणाला, एवढ्या लहान सापाला उलटी म्हणजे खेळ नाही. आता दहा-बारा दिवस काही देऊ नका, पोट निवू द्या. मग अगदी छोटं पिल्लू द्या, नेहमीच्या निम्म्या आकाराचं. ते टिकलं तर वाचेल. पुन्हा उलटी झाली तर मग अवघड आहे. आणि त्याहून जास्त दिवसही थांबू नका, अंगात काही उरलेलं नाही तिच्या.

मी कॅलेंडर बघितलं. मुदत संपत होती ती श्रावणी सोमवारी.

काकांना लगेच सांगून ठेवलं, की त्या दिवशी मला कप्पा उघडून हवा. ते म्हणाले, "श्रावणात तो कप्पा उघडायचा नाही, हे तिचं ठरलेलं आहे." तिचं म्हणजे काकूंचं; आणि ठरलेलं होतं नाही, ठरलेलं आहे. मी म्हटलं, चूक तुमची आणि उपास जिलबीला? ते खाली गेले. मला रडू आलं, रागानं.

दुसरी वाट शोधायचा प्रयत्न मी केला. आमच्या पॅकहाउसमध्ये केवढं मोठं कोल्ड स्टोरेज होतं. माझं डबाभर सामान कुठल्याही कोपऱ्यात मावलं असतं. पण उंदराची एक लेंडी सापडली तर अख्खा कंटेनर परत येतो, आणि ती लेंडी शोधायचा पगार मला मिळायचा. तिथं मी गोठवलेले उंदीर घेऊन कोणत्या तोंडानं जाणार होते? मैत्रिणींना विचारलं. एकीनं फोन ठेवून दिला. दुसरी म्हणाली, श्रावण संपू दे गं. पुण्याहून नव्यानं मागवावे, तर पावसानं पार्सलवाल्याचा भरवसा नव्हता. आणि डबा तर होता इथंच, माझ्या खोलीपासून दहा पायऱ्या खाली, कुलपात.

मधे नागपंचमी आली. आक्का देवळालीहून सकाळच्या बसनं हजर झाली, हातात दूध आणि लाह्या. घरात खरंखुरं जनावर असताना भिंतीवरच्या चित्राची पूजा का करायची, असं तिचं म्हणणं. मी दारात आडवी उभी राहिले. आक्काला मी काय सांगणार? साप दूध पीत नाही, हे दर वर्षी सगळे ऐकतात आणि दर वर्षी वाटी पुढे करतात. तेवढ्यात खालून काका आले.

"आक्का, नाही."

"अरे, थेंबभर!"

"थेंबभर नाही. पूजा कर लांबून, हळद-कुंकू काचेला लाव. ते आजारी आहे."

आक्कानं भावाकडे बघितलं, मग काचेला हळद-कुंकू लावलं आणि दूध परत घेऊन गेली. आम्हाला दोघांना पुरणाची दिंडं वाढून गेली. मी काकांचे आभार मानले नाहीत. त्या वेळी मला त्यांचं तोंडही बघायचं नव्हतं.

तो सोमवार उजाडला तेव्हा मी कामावर रजा टाकली होती. कुलूप तोडायचं, मग सामान बांधायचं, आणि मग जे होईल ते होईल, असं मनाशी पक्कं केलं होतं. कुलूप तोडायला हातोडी लागते, आणि घरातली एकुलती एक हातोडी काकांकडे होती, हे कळल्यावर मी स्वतःवरच चिडले. तेवढ्यात दारावर टकटक झाली, दोनदा. काका उभे होते. अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, शंकराला बेल वाहून आलेले. एका हातात कोमट पाण्याचं भांडं, दुसऱ्या हातात डबा.

"सगळ्यात लहान कोणतं ते तुम्ही निवडा," ते म्हणाले. "मला आता भरवसा नाही माझा."

"आणि श्रावण?"

"आजाऱ्याला श्रावण नसतो."

मी सगळ्यात छोटं पिल्लू घेतलं, पाण्यात ऊन केलं, चिमट्यात धरून पेटीत नेलं. बराच वेळ जिलबी हललीच नाही. मग जीभ बाहेर आली, आत गेली. मग डोकं थोडं पुढे. काका हात पाठीमागे बांधून वाकून बघत होते. तिनं घेतलं. गिळायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावला, पण गिळलं.

"आता दोन दिवस कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. "दार लोटून ठेवायचं. टिकलं तर टिकलं."

ते दोन दिवस माझे कसे गेले ते मला माहीत. कामावर होते, पण मोजलेलं काही डोक्यात राहत नव्हतं. घरी आले की आधी वास घेत घेत जिना चढायचे. काका जिन्याच्या वळणावर फ्रिजला टेकून बसलेले दिसायचे. "वास नाही," ते सांगायचे. मी वर जायचे, फटीतून बघायचे, दार लोटून घ्यायचे. त्यांच्याशी नीट बोलले नाही. बोलावंसं वाटत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी आले तर वळणावर काका नव्हते. धावत वर गेले. वास नव्हता. पेटीत जिलबी पाण्याच्या वाटीला वेढा घालून बसली होती. पोटातला फुगवटा उतरलेला, आणि भुशावर एका बाजूला तिची विष्ठा पडलेली. विष्ठा बघून एवढा आनंद झालेली बाई नाशकात मी एकटीच असेन. अन्न अंगी लागलं होतं. जिलबी वाचली होती.

सांगायला खाली गेले तर काका कॉटवर आडवे होते. कपाळ घामानं डबडबलेलं.

"पचलं काका. टिकलं."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि उठायला गेले ते परत कॉटवर बसले.

"काय झालं तुम्हाला? जेवलात का?"

मी स्वयंपाकघरात गेले. ओटा कोरडा ठणठणीत. भांडी सोमवारी सकाळी घासून पालथी घातलेली, तशीच. शेजारी शुगरच्या गोळ्यांची पट्टी, तिच्यातल्या गोळ्या मात्र घेतलेल्या.

"सोमवारपासून काही खाल्लं नाही तुम्ही?"

"ते पचेपर्यंत नाही खायचं, असं ठरवलं होतं."

मग माझा जो तोल सुटला तो सुटलाच. आधी त्यांच्या तोंडात साखर कोंबली आणि कुकर लावता लावता ओरडत सुटले. सापाला कळतं का तुम्ही उपाशी आहात ते? कोणत्या पोथीत लिहिलंय? गोळ्या घ्यायच्या आणि पोट रिकामं ठेवायचं, अक्कल गहाण टाकलीत का? इथं पडून राहिला असता तर कुणाला कळलं असतं? दोन-दोन जिवांचं खाणं-पिणं मी बघू का? तुमचे वार, तुमच्या तिथी, तुमचं ते ठरलेलं, चुलीत घाला सगळं! मुगाची खिचडी होईपर्यंत माझं तोंड थांबलं नाही. ताट त्यांच्यासमोर आपटलंच म्हणायचं.

"अहो, पण श्रावणात संध्याकाळी मी..."

"खा! एक शब्द नको. एक शीत ताटात राहिलेलं मला दिसता कामा नये. खा म्हणते ना!"

त्यांनी घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला हात थांबला. ते फोटोकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. ताटाकडेच बघत होते.

"असं ओरडायला हवं होतं मी तिच्यावर," ते म्हणाले. "रडली असती, चार दिवस बोलली नसती. पण खाल्लं असतं तिनं."

पण राग काही असा लगेच उतरत नाही. "ताटात बघा," मी म्हटलं, आणि आणखी एक डाव खिचडी वाढली. ते नको म्हणाले नाहीत.